दहा वर्षांच्या मुलाचा अभिप्राय



'बालवाचक आणि अद्भुत कादंबरी' असा भारदस्त विषय चालकांनी पत्रिकेत छापला आहे. तो वाचून आलेल्या मंडळींची अशी समजूत झाली असेल की, वक्ता आता अद्भुतरसाची व्याख्या करणार, बृहत्कथेपासून परंपरा काढणार आणि व्यासपीठावरून उतरण्यापूर्वी मुलांनी काय वाचावे याची यादी वाचून दाखवणार. पहिल्या दोन गोष्टींना लागणारी विद्वत्ता माझ्यापाशी नाही. तिसरी मी मुद्दामच करणार नाही. मुलांसाठी याद्या करण्याचे काम आपण मोठी माणसे इतक्या हौसेने करत आलो आहोत की, तीत आणखी एकीची भर पडली नाही तर कोणाचे काही बिघडणार नाही. मला आज एकाच पुस्तकाची आणि त्याच्या तीन-चार बालवाचकांची हकिकत सांगायची आहे.

पुस्तक इंग्रजी आहे. नाव 'द हॉबिट'. लेखक जे. आर. आर. टॉल्कीन हे ऑक्सफर्ड विद्यापीठात अँग्लो-सॅक्सनचे प्राध्यापक होते. २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनच्या जॉर्ज अ‍ॅलन अँड अन्विन या प्रकाशनसंस्थेने ते प्रसिद्ध केले. पहिल्या खेपेला १५०० प्रती छापल्या होत्या, त्या डिसेंबरपर्यंत संपल्या. २०१२ ते २०१४ या काळात त्यावर तीन चित्रपट निघाले, त्यामुळे पुस्तक न वाचलेल्यांनाही कथा ठाऊक असते. पण ज्यांनी दोन्ही टाळले आहे त्यांच्यासाठी चार वाक्यांत सांगतो. हॉबिट म्हणजे माणसाच्या निम्म्या उंचीची, टेकडीत बिळे करून राहणारी, अनवाणी चालणारी आणि दिवसातून शक्य तितक्या वेळा जेवणारी जात. त्यांपैकी बिल्बो बॅगिन्स हा एक सुखवस्तू गृहस्थ. गॅन्डाल्फ नावाचा जादूगार एके दिवशी त्याच्या घरी तेरा ठेंगूंना चहाला पाठवून देतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हे गृहस्थ खिशात हातरुमालसुद्धा न घेता त्यांच्याबरोबर निघतात. कशासाठी? तर स्मॉग नावाच्या ड्रॅगनने बळकावलेला ठेंगूंचा वडिलार्जित खजिना परत मिळवण्यासाठी. बिल्बोची नेमणूक या मोहिमेत अधिकृत चोर म्हणून झालेली असते, आणि नफा झाल्यास त्याचा चौदावा हिस्सा त्याला मिळावयाचा असा लेखी करार असतो.

आता हे पुस्तक छापले कसे गेले ते पाहा. टॉल्कीन उन्हाळ्यात चार पैसे मिळावेत म्हणून शालेय परीक्षांच्या उत्तरपत्रिका तपासत. या सभेत शिक्षक बरेच दिसतात. त्यांना ते सुख वेगळे सांगायला नको. एका विद्यार्थ्याने एक पान कोरे सोडले होते. तपासनिसाला ते पान इतके आवडले की, जमिनीतल्या बिळात एक हॉबिट राहत होता, अशा अर्थाचे वाक्य त्याने त्यावर लिहून टाकले. हॉबिट म्हणजे काय हे त्याला स्वतःलाच तेव्हा ठाऊक नव्हते. पुढे ते वाक्य वाढले, घरातल्या मुलांना हिवाळ्याच्या संध्याकाळी वाचून दाखवता दाखवता त्याची कादंबरी होत आली, आणि शेवट कच्चा ठेवून ती टेबलाच्या खणात पडून राहिली. प्रकाशनसंस्थेत काम करणाऱ्या सुझन डॅग्नल या बाईंच्या कानावर तिची वार्ता गेली, त्यांनी टंकलिखित मागून नेले, वाचले आणि लेखकाला पूर्ण करायला लावले. १९३६ च्या ऑक्टोबरात ते प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांच्या टेबलावर आले.

अन्विन हे व्यवहारी गृहस्थ होते. मुलांच्या पुस्तकाचे उत्तम परीक्षक मुलेच, असे त्यांचे मत होते. आणि मत असणे निराळे व त्याप्रमाणे वागणे निराळे, हा भेद त्यांनी केला नाही. त्यांचा धाकटा मुलगा रेनर दहा वर्षांचा होता, अकरावे पुरे व्हायला दोन महिने होते. त्याला त्यांनी ते टंकलिखित वाचायला दिले. लेखी अभिप्राय द्यायचा आणि एक शिलिंग घ्यायचा, असा बापलेकांचा रिवाज होता. ३० ऑक्टोबर १९३६ या तारखेचा तो अभिप्राय आज उपलब्ध आहे. त्यात शुद्धलेखनाचे गुण द्यायचे म्हटले तर आपल्यातले बरेच शिक्षक हात आखडता घेतील. पण मजकूर पाहण्यासारखा आहे. बिल्बो नावाचा हॉबिट कधी साहसाला जात नसे, शेवटी जादूगाराने आणि ठेंगूंनी त्याचे मन वळवले, गॉब्लिनांशी आणि लांडग्यांशी लढताना त्याची फार धमाल झाली, ड्रॅगन मारला गेला, मोठी लढाई झाली आणि तो श्रीमंत होऊन घरी आला. एवढे सांगून शेवटी निर्णय दिला आहे: नकाशे असतील तर चित्रांची गरज नाही, पुस्तक चांगले आहे, आणि पाच ते नऊ वर्षांच्या सर्व मुलांना ते आवडावे.

या अभिप्रायाची गोष्ट साहित्यातली गमतीदार आख्यायिका म्हणून नेहमी सांगितली जाते, लोक हसतात आणि पुढे जातात. मला वाटते, तिथे थोडे थांबायला हवे.

पहिली गोष्ट, वयाची मर्यादा. मुलगा दहा वर्षांचा आणि शिफारस नऊपर्यंतच्यांना! म्हणजे स्वतःला त्याने त्या घोळक्यातून अलगद बाहेर काढले आहे. 'हे लहानांना आवडेल' असे म्हणणारा हा परीक्षक स्वतः ते एका दमात वाचून बसलेला होता, याबद्दल मला तरी शंका नाही. ज्याला आपण आता मोठे झालो असे वाटते त्याला काल आवडलेले पुस्तक आज उघडपणे आवडले म्हणण्याची चोरी असते. आपल्याकडे सातवी-आठवीतली मुले असेच करतात. 'धाकट्यासाठी नेतो' म्हणून पुस्तक नेतात आणि जिन्यात बसून वाचतात.

दुसरी गोष्ट, तो शेवटचा 'श्रीमंत' शब्द. अभिप्रायात त्याच्यापुढे उद्गारचिन्ह आहे. आपण शहाण्यासुरत्यांनी 'द हॉबिट' वाचला की त्यात लोभाचा धिक्कार दिसतो, आणि तो आहेही. थॉरिन हा ठेंगूंचा राजा संपत्तीच्या मोहाने जवळजवळ वेडा होतो आणि मरताना शहाणा होतो. बिल्बो चौदावा हिस्सा सोडून सोन्याची एक आणि रुप्याची एक अशा दोन लहान पेट्या घेऊन परततो. आणि घरी येऊन पाहतो तो काय, मेला असे समजून त्याच्या सामानाचा लिलाव चाललेला! आपल्याच खुर्च्या त्याला पैसे देऊन सोडवून घ्याव्या लागतात. हे सगळे वाचूनही दहा वर्षांच्या मुलाने हिशेब मांडला तो एवढाच की, गेला तेव्हा साधा होता, आला तेव्हा श्रीमंत होता. मला यात काही गैर वाटत नाही. करार झाला होता, काम झाले, मोबदला मिळाला की नाही हे पाहिलेच पाहिजे. मुलगा प्रकाशकाचा होता हेही विसरून चालणार नाही.

तिसरी गोष्ट, नकाशे. हे मात्र त्याने नेमके ओळखले. टॉल्कीन यांनी या पुस्तकासाठी थ्रोरचा नकाशा काढला होता, म्हणजे कथेतल्या पात्रांच्या हाती असतो तोच. त्यावर जुनी रून लिपी आहे, आणि ती अक्षरे लावून पाहिली तर खरोखर वाचता येतात. कथेत त्या नकाशावर काही अक्षरे अशी आहेत की, ती ठराविक चंद्रप्रकाशातच दिसतात. लेखकाची इच्छा होती की, ही अक्षरे कागदाच्या मागच्या बाजूला छापावीत, म्हणजे वाचणाऱ्या मुलाने पान उजेडासमोर धरले की ती समोरून दिसू लागतील. प्रकाशकाला ते झेपले नाही. नकाशा बांधणीतल्या आतल्या कागदावर सरसकट छापला गेला, आणि चंद्राची अक्षरे भर दुपारी दिसू लागली. पुस्तकाची विक्री त्यामुळे कमी झाली नाही, पण एक मोठी गंमत मुलांच्या हातची गेली. दिव्यासमोर पान धरणारे मूल हे वाचक राहत नाही, मोहिमेतला पंधरावा गडी होते.

चित्रांची गरज नाही हा रेनरचा सल्ला मात्र कोणी मानला नाही. लेखकाने स्वतः काढलेली दहा कृष्णधवल चित्रे पहिल्या आवृत्तीत आहेत. सगळेच सल्ले मानायचे तर एका शिलिंगात प्रकाशनसंस्था चालवायला दिल्यासारखे झाले असते.

आता घरातल्या श्रोत्यांकडे वळतो. टॉल्कीन यांना तीन मुलगे आणि धाकटी मुलगी. जॉन, मायकेल आणि ख्रिस्तोफर या मुलग्यांना ही कथा प्रथम ऐकायला मिळाली. लेखकाचा आपल्या मुलांशी व्यवहार कसा होता हे समजण्यासाठी आधीची एक हकिकत सांगतो. १९२५ साली हे कुटुंब फायली या समुद्रकाठच्या गावी गेले होते. मायकेलजवळ शिशाचा एक एवढासा कुत्रा होता, तो हातातून कधी सोडत नसे. वाळूत खेळताना कुत्रा हरवला. बापाने आणि थोरल्या भावाने किनारा पालथा घातला, सापडला नाही. मग बापाने त्या कुत्र्याची गोष्ट रचली. एका जादूगाराने खऱ्या कुत्र्याचे खेळणे केले होते, ते वाळूतून चंद्रावर गेले, समुद्रतळाशी गेले, असे काय काय. 'रोव्हरँडम' या नावाने ती १९९८ साली छापून निघाली. सांत्वनाला इतकी कल्पकता लागते हे पाहून आम्ही 'दुसरा आणू' म्हणणारे बाप ओशाळे होतो.

या मायकेललाच कोळ्यांची भयंकर भीती वाटे. 'द हॉबिट'मधल्या काळ्याकुट्ट अरण्यात राक्षसी कोळी आहेत; ते झोपलेल्या ठेंगूंना जाळ्यात गुंडाळून झाडाला टांगतात. ते कोळी कथेत का घातले, असे विचारता टॉल्कीन यांनी सांगितले होते की, मायकेलला चांगले घाबरवण्यासाठी, आणि तो घाबरलाही! बालमानसशास्त्राचे जाणकार यावर काय म्हणतील ते मी सांगू शकत नाही. पण कथेत पुढे काय होते? तोवर गॅन्डाल्फवर आणि ठेंगूंवर विसंबून चालणारा बिल्बो या अरण्यात एकटा पडतो. अंधार आहे, जवळ कोणी नाही, पायाला चिकट धागे गुंडाळले जात आहेत. तो आपली छोटी तलवार उपसतो, कोळ्याला मारतो, आणि मग त्या तलवारीला नाव देतो. लेखकाने इतर कुठल्याही संकटाच्या जागी हा बदल घडवला नाही. मुलाला ज्याची भीती तिथेच घडवला. घरातल्या एका मुलाला हे प्रकरण इतर दोघांपेक्षा निराळे ऐकू आले असणार, एवढे निश्चित.

आणि धाकटा ख्रिस्तोफर. तो चार-पाच वर्षांचा असताना कथा ऐकता ऐकता मध्येच म्हणाला की, मागच्या वेळी तुम्ही बिल्बोच्या दाराचा रंग निळा सांगितला होता आणि थॉरिनच्या टोपीचा गोंडा सोनेरी. आज दार हिरवे सांगता आणि गोंडा रुपेरी! बापाने पुटपुटत मुलाला एक शिवी हासडली आणि तडक टेबलाशी जाऊन टिपण करून ठेवले. छापील पुस्तकात दार हिरवे आहे, गोंडा रुपेरी आहे. म्हणजे बापाने आपलेच खरे केले, पण एकदा केले ते कायम केले. पुढे पुस्तक निघाल्यावर याच मुलाला त्याने चूक शोधून काढल्यास प्रत्येकी दोन पेन्स देऊ केले. रेनरला अभिप्रायाचा शिलिंग, ख्रिस्तोफरला चुकीमागे दोन पेन्स. एकूण पाहता मुलांच्या बुद्धीला बाजारभाव देणारे हे दोन बाप होते.

'गोष्टीतल्या दाराचा रंग तो काय आणि त्यावर वाद तो काय', असे म्हणून आपण अशा मुलाला गप्प करतो. इथे माझे थोडे सांगणे आहे. आमच्या वाचनालयाचा मुलांचा विभाग मी सुट्टीच्या दिवशी सांभाळतो. मुले पुस्तक परत करताना काय विचारतात ते मी ऐकत आलो आहे. 'यातून काय बोध घ्यावा?' असे मला आजवर एकाही मुलाने विचारलेले नाही. तो प्रश्न शाळेच्या वहीत असतो आणि त्याचे उत्तरही बहुधा घरच्या मोठ्या माणसाने सांगितलेले असते. मुले विचारतात ते असे: राजवाड्याला दारे सात होती, मग तो आठव्यातून कसा पळाला? घोडा तीन दिवस धावला, त्याने पाणी कधी प्यायले? आपल्या पिढीने अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी वाचताना हेच प्रश्न मनात विचारले होते, फक्त मोठ्याने विचारायची सोय नव्हती. ज्या जगात घोडा उडतो त्या जगातही घोड्याला तहान लागली पाहिजे, हा मुलांचा आग्रह असतो. उडण्याबद्दल त्यांची तक्रार नसते.

टॉल्कीन यांना याची पुरी जाण होती, याचे कारण ते स्वतः तसेच मूल होते. अँड्र्यू लँग यांच्या लाल मुखपृष्ठाच्या परीकथासंग्रहातली सिगुर्ड आणि ड्रॅगन यांची कथा ही त्यांची लहानपणची सर्वांत आवडती. ड्रॅगन असावेत अशी त्यांना मनापासून ओढ होती. फक्त ते आपल्या आळीत नसावेत, एवढेच. सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी स्वतः एक ड्रॅगनची गोष्ट लिहिली. आईने वाचून सांगितले की, इंग्रजीत 'हिरवा मोठा ड्रॅगन' असे म्हणत नाहीत, 'मोठा हिरवा' असेच म्हणावे लागते. मुलाला प्रश्न पडला, का? तो प्रश्न, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, त्यांच्या मनातून म्हातारपणापर्यंत गेला नाही. बारा वर्षांचे असताना, १९०४ साली, त्यांची आई वारली. पुढे हा मुलगा भाषाशास्त्रज्ञ झाला.

८ मार्च १९३९ रोजी सेंट अँड्र्यूज विद्यापीठात त्यांनी परीकथांवर एक व्याख्यान दिले, तेही लँग यांच्याच नावाच्या व्याख्यानमालेत. आणि तिथे उभे राहून लँग यांच्याशीच मतभेद व्यक्त केला. मुले गोष्ट ऐकून 'हे खरे आहे का?' असे विचारतात, यावरून ती भोळी असतात, सगळ्यावर विश्वास ठेवतात, असे लोक मानतात. टॉल्कीन यांचा अनुभव असा की, मुलांनी त्यांना जास्त वेळा विचारले ते 'तो चांगला होता की वाईट?' म्हणजे कथेत आपण कोणत्या बाजूला उभे राहायचे, हे आधी ठरवून घ्यायचे असते. आणि ड्रॅगनबद्दल 'खरे का?' विचारणाऱ्या मुलाला प्राणिशास्त्र नको असते. आज रात्री अंथरुणात आपण सुरक्षित आहोत ना, एवढेच हवे असते. सध्या इंग्लंडात ड्रॅगन नाहीत, असे ठाम सांगितले की मूल समाधानाने झोपते. त्या 'सध्या'त किती तरी वाव ठेवलेला आहे!

'चांगला की वाईट' हा प्रश्न 'द हॉबिट'च्या बाबतीत दिसतो तितका सोपा नाही. आमच्या वाचनालयातल्या एका अकरा वर्षांच्या मुलीने मला त्यात चांगलेच पकडले होते. खजिन्यात आर्केनस्टोन नावाचे एक रत्न असते, थॉरिनला ते सर्वांत प्रिय. बिल्बोला ते सापडते आणि तो कोणाला न सांगता खिशात घालतो. पुढे डोंगराला वेढा पडतो, थॉरिन हट्टाने तडजोड नाकारतो. तेव्हा बिल्बो रात्री भिंतीवरून उतरून ते रत्न वेढा घालणाऱ्यांच्या हवाली करतो, म्हणजे त्यांना वाटाघाटीसाठी काही हाती असावे. हा माझा चौदावा हिस्सा समजा, असे त्याचे म्हणणे. मुलीचा प्रश्न: 'त्याने ते चोरले की घेतले?' मी म्हटले, अगं, लढाई टळावी म्हणून दिले ना त्याने? ती म्हणाली, 'ते नंतर. खिशात घातले तेव्हा त्याला लढाई ठाऊकच नव्हती.' वाचून पाहा, मुलीचे बरोबर आहे. उचलतानाच बिल्बोच्या मनात चुकचुकते, हिस्सा निवडण्याचा हक्क या असल्या रत्नापर्यंत पोहोचतो असे करारात अभिप्रेत नसावे, हे त्याला कळते. तरी तो उचलतो. मोहाने केलेली गोष्ट पुढे सत्कार्याला उपयोगी पडली तर ती मागाहून शुद्ध होते का? धर्मशास्त्राच्या पंडितांनी घोळावा असा हा प्रश्न आहे, आणि तो ठेंगूंच्या गोष्टीत एका मुलीला पडला. तात्पर्याच्या दोन ओळी मागितल्या असत्या तर तिने 'लोभ वाईट असतो' असे लिहून मोकळी झाली असती.

पण दाराच्या रंगाचे प्रकरण अजून संपलेले नाही. त्याची मोठी आवृत्ती पुढेच आहे.

'द हॉबिट'च्या पाचव्या प्रकरणात बिल्बो डोंगराच्या पोटातल्या अंधारात हरवतो, तिथे त्याला एक अंगठी सापडते आणि गॉलम नावाच्या प्राण्याशी गाठ पडते. दोघे कोडी घालतात. बिल्बो हरला तर गॉलम त्याला खाणार. १९३७ च्या पुस्तकात बिल्बो जिंकला तर त्याला भेट मिळावयाची असते, ती म्हणजे तीच अंगठी. ती हरवलेली पाहून गॉलम मनापासून क्षमा मागतो आणि वाट दाखवून निरोप घेतो. पुढे टॉल्कीन मोठी कादंबरी लिहायला बसले, तेव्हा ती अंगठी जगाचा नाश करणारी, धारण करणाऱ्याला गिळून टाकणारी ठरली. अशी अंगठी कोणी कोड्याच्या बक्षिसात देईल? मग त्यांनी १९४७ साली पाचव्या प्रकरणाचा नवा नमुना लिहून प्रकाशकाकडे पाहण्यासाठी पाठवला. तीन वर्षांनी, १९५० साली, नव्या आवृत्तीची मुद्रिते आली तीत तो नमुना छापलेलाच! १९५१ च्या आवृत्तीपासून गॉलम अंगठीसाठी आक्रोश करतो आणि बिल्बोला जन्माचा चोर म्हणून शाप देतो.

आता ज्या मुलांनी आधीची आवृत्ती वाचली होती त्यांनी काय करायचे? ती म्हणणारच, 'मागच्या वेळी तुम्ही निराळे सांगितले होते.' दुसऱ्या एखाद्या लेखकाने सुधारलेली आवृत्ती एवढे छापून विषय मिटवला असता. टॉल्कीन यांनी मोठ्या कादंबरीच्या आरंभी खुलासा केला तो असा की, पहिली हकिकत बिल्बोनेच तशी सांगितली होती. अंगठीवर आपला हक्क पक्का दिसावा म्हणून तो खोटे बोलला होता, आणि त्या खोट्यातच अंगठीच्या दुष्ट प्रभावाची पहिली खूण होती. लेखकाच्या विसंगतीचा दोष पात्राच्या स्वभावात गेला आणि कथा आणखी खोल झाली. चार वर्षांच्या मुलाने गोंड्याच्या रंगावरून बापाला अडवले नसते तर हे सुचलेच नसते, असे मी म्हणणार नाही. पण विसंगती दिसताच ती झाकायची नाही, तिचा जाब द्यायचा, ही सवय त्या घरात मुलांनी लावलेली होती.

सवय अंगाशीही येते. १९६० साली टॉल्कीन यांनी 'द हॉबिट' पहिल्यापासून पुन्हा लिहायला घेतला, मोठ्या कादंबरीच्या गंभीर सुरात. काही प्रकरणे झाल्यावर कोणाला तरी वाचायला दिली. त्या वाचकाने सांगितले, फार छान आहे, पण हा 'द हॉबिट' नव्हे. लेखकाने काम सोडून दिले.

मोठ्या कादंबरीचा उल्लेख आला म्हणून रेनरकडे परत येतो, कारण त्याचे काम एका शिलिंगात संपले नव्हते. पुस्तक खपू लागताच स्टॅन्ली अन्विन यांनी आणखी हॉबिट मागितले. १९३७ च्या डिसेंबरात लिहिणे सुरू झाले, पहिली प्रकरणे रेनरकडे वाचायला गेली. बारा वर्षांच्या परीक्षकाने कळवले की, हॉबिटांच्या गप्पा जरा जास्त झाल्या आहेत, त्याने गोष्ट रेंगाळते. टॉल्कीन यांनी टीका मान्य केली आणि कबुली दिली की, खाजगीत सांगायचे तर त्या गप्पाच मला साहसांपेक्षा जास्त आवडतात! लेखन मध्ये थांबत, मध्ये चालत १९४९ पर्यंत गेले. मधे युद्ध झाले. १९४४ साली ख्रिस्तोफर विमानदलाच्या शिक्षणासाठी दक्षिण आफ्रिकेत होता, म्हणजे बापाच्या जन्मदेशात. तिकडे बाप एकेक प्रकरण टंकलिखित करून टपालाने पाठवत असे. विशीतला वैमानिक छावणीत बसून हॉबिटांची पुढची हकिकत वाचतो आणि मत कळवतो, हे चित्र मला फार आवडते.

प्रकाशनाच्या वेळी घोळ झाला. मधल्या काळात लेखकाने पुस्तक दुसऱ्या प्रकाशकाकडे नेऊ पाहिले, ते फिसकटले. १९५२ च्या सप्टेंबरात रेनर स्वतः ऑक्सफर्डला गेला आणि हस्तलिखित घेऊन आला. तो आता सव्वीस वर्षांचा, वडिलांच्या संस्थेत कामाला. त्याने हिशेब केला: पुस्तक अवाढव्य, कोण घेईल कोणास ठाऊक, एक हजार पौंडांचा तोटा येण्याचा संभव. वडील तेव्हा जपानमध्ये होते. त्यांना त्याने लिहिले की, हे प्रतिभेचे काम आहे असे मला वाटते, पण तोटा येईल. उत्तर आले: तुला तसे खरोखर वाटत असेल तर हजार पौंड घालवायला हरकत नाही.

ज्या मुलाला एके काळी अभिप्रायाचा एक शिलिंग दिला त्याच्या शब्दावर हजार पौंड लावणारा बाप मी दुसरा ऐकलेला नाही. आणि हा विश्वास १९५२ साली एकाएकी आलेला नव्हता. पुस्तक वाचून मुलगा काय म्हणतो ते ऐकून घेण्याची, ते कागदावर लिहवून घेण्याची आणि त्याचे दाम मोजण्याची रीत त्या घरात सोळा वर्षे आधीपासून होती. पुस्तक १९५४ आणि १९५५ साली तीन खंडांत निघाले. मराठीत ते मुग्धा कर्णिक यांच्या अनुवादाने 'स्वामी मुद्रिकांचा' म्हणून आले आहे. तोटा आला नाही, हे सांगायला नकोच.

या तीन खंडांतले नकाशे ख्रिस्तोफरने काढले. टॉल्कीन १९७३ साली वारले, तेव्हा मागे राहिलेल्या कागदांच्या राशी उलगडायला हाच मुलगा बसला. 'द सिल्मरिलियन' १९७७ साली निघाले. त्यानंतर १९८३ ते १९९६ या काळात बापाच्या हस्तलिखितांचा इतिहास त्याने बारा खंडांत छापला. कोणत्या मसुद्यात कोणाचे नाव काय होते, ते कधी बदलले, का बदलले, हे त्या बारा खंडांतून पानोपानी नोंदलेले आहे. २०२० च्या जानेवारीत, पंचाण्णव वर्षांचा होऊन, तो वारला.

श्रोतेहो, अध्यक्षमहाराजांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवले आहे. प्रश्नांसाठी दहा मिनिटे राखलेली आहेत. पुढच्या सतरंजीवर मुले बसली आहेत, त्यांनी आधी विचारावे. मोठ्यांचे नंतर पाहू.